जुनी विज्ञानमालिका, नवं ग्राफिक्स : दुकानात हमखास विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं व्हिडिओ एडिटिंगचं छोटं दुकान आहे. पोटापाण्याला लग्नं, बारशी, वास्तुशांती. शनिवारी रात्री आठनंतर मात्र शटर अर्धं खाली ओढतो आणि आम्ही दहा-बारा जण जुन्या परदेशी विज्ञानमालिका बघत बसतो. बहुतेक मालिकांच्या आता दोन-दोन आवृत्त्या निघाल्यात, एक मूळ आणि एक कॉम्प्युटरवर ट्रिक सीन नव्यानं केलेली. त्यामुळं नवा माणूस आला की तेच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून. बोलून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून काढलं. प्रश्न ज्यानं जसा विचारला तसाच ठेवलाय.

हे साठ वर्षांपूर्वीचं हाय म्हणताय, मग चित्र एवढं लख्ख कसं?

कारण ते फिल्मवर शूट झालंय. ‘स्टार ट्रेक’ म्हणजे एंटरप्राइझ नावाच्या अवकाशयानाची अमेरिकन मालिका. मूळ मालिका १९६६ ते १९६९ चालली, ७९ भाग. सगळं ३५ मिलिमीटर फिल्मवर, म्हणजे सिनेमा ज्यावर निघायचा त्याच फिल्मवर. त्या काळच्या अमेरिकन टीव्हीवर जेमतेम ४८० ओळींचं चित्र दिसायचं, पण निगेटिव्हमध्ये त्याच्या कितीतरी पट तपशील पडून होता. आजोबांच्या लग्नाचा फोटो अल्बममध्ये पिवळा पडलेला असतो, पण ट्रंकेत निगेटिव्ह सापडली तर शालूची जरसुद्धा मोजता येते. तसंच हे.

आपल्याकडे ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ही मालिका लागायची. अँटेना फिरवून फिरवून बघितलेलं ते चित्र आणि आजचं स्कॅन यांची तुलनाच नको.

मग नुसतं स्कॅन करायचं. ट्रिक सीन नव्यानं कशाला?

इथंच सगळी गोम आहे.

त्या काळी यान अवकाशात उडताना दाखवायचं तर मॉडेल निळ्या पडद्यासमोर शूट करायचे. तारे वेगळे, ग्रह वेगळा. मग ऑप्टिकल प्रिंटर नावाच्या यंत्रावर हे सगळे तुकडे एकावर एक ठेवून नव्या फिल्मवर पुन्हा शूट व्हायचे. ह्याला फिल्मची ‘पिढी’ म्हणतात. प्रत्येक पिढीत चित्र थोडं मऊ होतं, दाणा (फिल्मवरचे बारीक ठिपके) वाढतो, धूळ चिकटते. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यावर सात-बारा जसा दिसतो तसं. यानाच्या कडेला निळसर-काळी रेघ दिसते ती त्यातूनच येते.

१९६६ च्या टीव्हीवर हे कुणाला दिसलं नाही. पण निगेटिव्ह एचडीत स्कॅन केल्यावर कॅप्टनच्या चेहऱ्यावरचा मेकअप दिसायला लागला आणि पुढच्याच सेकंदाला यान आलं की धुक्यातून बघितल्यासारखं. एका भागात दहा-पंधरा वेळा असा धक्का बसतो. वेगवेगळे मूळ तुकडे हाताशी असते तर ते नव्यानं जोडता आले असते. ते नव्हते. हाती होतं ते जोडून झालेलं, पिढी उतरलेलं चित्र. म्हणून नवं करायचं ठरलं. हौस म्हणून नाही, अडचण म्हणून. हौस नंतर आली, पण तो वेगळा विषय.

मॉडेल म्हणजे खेळणंच की ओ?

उद्यमनगरातल्या एखाद्या पॅटर्नवाल्याला असं म्हणून बघा.

फाउंड्रीत ओतकाम करायच्या आधी लाकडाचा पॅटर्न बनवतात ना, हुबेहूब त्या भागाच्या आकाराचा, तसंच हे काम. एंटरप्राइझचं मोठं मॉडेल अकरा फुटांहून लांब आणि सुमारे ९० किलो वजनाचं होतं. बरंचसं लाकडाचं, काही भाग प्लॅस्टिकचे. आराखडा मॅट जेफरीज यांचा. आतल्या दिव्यांच्या वायरी सगळ्या डाव्या अंगानं बाहेर काढल्या होत्या, म्हणून त्या बाजूला रंगकामच पूर्ण केलं नाही आणि यान कायम उजव्या अंगानं शूट झालं. हे कळल्यावर मालिका पुन्हा बघा, डोक्यातून जात नाही.

हे मॉडेल १९७४ मध्ये अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या विमान-अवकाश संग्रहालयाला दिलं गेलं आणि दुरुस्ती होऊन २०१६ मध्ये खऱ्या विमानांच्या आणि यानांच्या दालनात मांडलं गेलं. खेळणं तिथं ठेवत नाहीत.

खेळणं वापरलं नाही असं मात्र नाही. ‘द डूम्सडे मशीन’ ह्या १९६७ च्या भागात मोडकं-जळकं दुसरं यान दाखवायचं होतं. त्यासाठी बाजारात मिळणारं प्लॅस्टिकचं किट जोडलं आणि जाळून घेतलं. किटमध्ये यानाचा नंबर १७०१ असा होता. त्याचेच आकडे मागेपुढे लावून १०१७ केला! मला विचाराल तर अख्ख्या मालिकेतला हा माझा सगळ्यात आवडता तपशील. नव्या आवृत्तीत ते यान एंटरप्राइझच्याच मापाचं, नीट उद्ध्वस्त झालेलं दिसतं. बरोबर आहे. पण नंबर १०१७ च ठेवलाय, हे त्यांचं शहाणपण.

नवं काम कुणी केलं? आणि बरं केलंय का?

अमेरिकन टीव्ही कंपनी सीबीएसच्या सीबीएस डिजिटल ह्या विभागानं केलं. मायकेल ओकुडा, डेनिस ओकुडा आणि डेव्ह रॉसी ही ह्या मालिका कोळून प्यालेली माणसं देखरेखीला होती. सप्टेंबर २००६ पासून नवे भाग अमेरिकेत आठवड्याला एक असे दाखवायला लागले. शीर्षकाचं संगीतसुद्धा नव्यानं वाजवून घेतलं.

बरं केलंय का? माझं मत सरसकट नाही. सुरुवातीच्या भागांत यान गुळगुळीत दिसतं, मोबाइलच्या गेममधल्यासारखं. आठवड्याला एक भाग द्यायचा म्हटल्यावर असंच होणार, लग्नसराईत माझ्या अल्बमचं काय होतं ते मला माहीत आहे. पुढं मॉडेल सुधारलं, प्रकाश सुधारला. त्यांनी एक पथ्य पाळलं ते मला फार आवडतं. कॅमेरा उगाच गरगर फिरवला नाही. साठच्या दशकातला जड कॅमेरा जसा सावकाश सरकला असता, साधारण तसाच सरकवला. कॉम्प्युटरवर काहीही करता येत असताना हात आखडता ठेवणं सोपं नसतं.

जुन्या भागातले ग्रह रंगवलेल्या चेंडूसारखे का दिसतात?

हसू नका. ते ग्रह रंगवले तेव्हा पृथ्वी लांबून कशी दिसते हेच कुणी नीट पाहिलेलं नव्हतं. पृथ्वीच्या पूर्ण गोळ्याचे रंगीत फोटो उपग्रहांवरून यायला लागले ते १९६७ मध्ये. अपोलो ८ च्या अंतराळवीरांनी चंद्रामागून उगवणाऱ्या पृथ्वीचा फोटो काढला डिसेंबर १९६८ मध्ये, तोवर मालिकेचे बहुतेक भाग होऊन गेले होते. आपल्या पाठ्यपुस्तकातली निळी-पांढरी पृथ्वी तर अपोलो १७ ची, डिसेंबर १९७२ ची.

१९६६ च्या ‘मिरी’ ह्या भागात हुबेहूब पृथ्वीसारखा ग्रह दिसतो. त्यावर ढगच नाहीत! शाळेतला पृथ्वीगोल असतो तसा. नव्या आवृत्तीत ढग घातलेत आणि दिसतोही सुंदर. पण जुन्या गोलात एक गोष्ट आहे जी नव्यात नाही. माणसानं स्वतःचं घर बाहेरून बघायच्या आधी त्याची कल्पना कशी केली होती, ते त्यात जसंच्या तसं राहिलंय. ते पुसलं तर पुन्हा कुठून आणणार? म्हणून हा भाग मी दोन्ही लावतो, आधी जुना.

पुढच्या मालिकेतलं यान तर मस्त दिसतं. तेही कॉम्प्युटरचंच?

नाही, आणि इथं भलेभले फसतात. ‘स्टार ट्रेक’चीच पुढची मालिका ‘नेक्स्ट जनरेशन’ (१९८७ ते १९९४) फिल्मवर शूट झाली, पण जोडकाम, ट्रिक सीन सगळं व्हिडिओ टेपवर झालं. म्हणजे एचडीत दाखवायला तयार निगेटिव्हच नाही. पण यानाच्या मॉडेलचे वेगवेगळे तुकडे फिल्मवर होते आणि ते जपून ठेवलेले होते. मग प्रत्येक भाग मूळ रिळांवरून पुन्हा पहिल्यापासून एडिट केला आणि मॉडेलचे तेच तुकडे आजच्या कॉम्प्युटरवर पुन्हा जोडले. २०१२ ते २०१४ दरम्यान सातही सीझन ब्लू-रेवर आले. तुम्ही बघता ते हातानं बनवलेलं खरं मॉडेलच आहे, फक्त जोड स्वच्छ.

नवं ग्राफिक्स लागेल तिथंच वापरलं. ‘डेटालोर’ ह्या भागातला स्फटिकासारखा प्राणी मुळातच १९८८ चा कॉम्प्युटरवरचा होता, तो बदलला. मी अख्ख्या एडिटिंगच्या धंद्याला हे उदाहरण दाखवतो. गोदाम नीट ठेवलं की पंचवीस वर्षांनी त्याचं सोनं होतं.

म्हणजे मॉडेलपेक्षा कॉम्प्युटरवर केलेलं जुनं ग्राफिक्स सुधारायला सोपं असणार. फाइलच तर हाय!

उलटं आहे, भावा.

‘बॅबिलॉन ५’ ही अमेरिकन विज्ञानमालिका घ्या. १९९३ ला पहिला चित्रपट आणि नंतर १९९४ ते १९९८ पाच सीझन. यानं-बिनं सगळी कॉम्प्युटरवर. सुरुवातीला अमिगा नावाच्या घरगुती कॉम्प्युटरवर, व्हिडिओ टोस्टर हे कार्ड आणि लाइटवेव्ह हे सॉफ्टवेअर वापरून. टीव्हीसाठी ही क्रांतीच होती. पण रेंडर केलं, म्हणजे कॉम्प्युटरकडून शेवटचं चित्र काढून घेतलं, ते त्या काळच्या टीव्हीच्या मापात, कारण त्याहून मोठं करायला ना यंत्रात ताकद होती ना हातात वेळ. नटांची दृश्यं फिल्मवर, रुंद पडद्याचा विचार करून घेतलेली. ग्राफिक्स मात्र चौकोनी आणि लहान.

डीव्हीडी काढताना रुंद चित्र करायचं म्हणून ग्राफिक्सची वरची-खालची बाजू कापून ताणलं. त्यात जिथं नट आणि ग्राफिक्स एकाच फ्रेममध्ये, तिथं नटसुद्धा धूसर. बोलता बोलता बंदूक उडवली की चित्र मऊ, लेझर संपला की परत टक्क! मूळ फाइल्सही नीट जपल्या गेल्या नाहीत, त्यामुळं पुन्हा रेंडर करायची वाट बंद. शेवटी २०२१ मध्ये जी आवृत्ती आली ती पुन्हा चौकोनी. फिल्म नव्यानं स्कॅन केलेली, ग्राफिक्स मात्र जुनंच मोठं केलेलं.

तर १९६६ चं लाकडी मॉडेल आज संग्रहालयात जाऊन पुन्हा शूट करता येईल आणि १९९५ ची फाइल उघडतसुद्धा नाही. माझ्याकडं २००४ च्या लग्नांचे प्रोजेक्ट पडलेत, सॉफ्टवेअरच बाजारातून गेलं. मी कुणाला काय शिकवणार!

टीव्ही एवढा मोठा घेतलाय, कडेला काळ्या पट्ट्या कशाला?

कारण चित्रच चार बाय तीनचं आहे, म्हणजे रुंदी चार तर उंची तीन. ते सोळा बाय नऊमध्ये पूर्ण भरायचं तर उंचीतला २५ टक्के भाग फेकावा लागतो. पाव चित्र! ‘स्टार ट्रेक’ची नवी आवृत्तीसुद्धा चार बाय तीनच ठेवलीय.

ह्या प्रश्नाला मी जरा चिडून उत्तर देतो, त्याचं कारण सांगतो. धंद्यात नवा होतो तेव्हा एका गिऱ्हाईकानं लग्नाची जुनी कॅसेट आणली. त्यात गुलाबाचं फूल उमलतं आणि आत नवरा-नवरी, बदामातून बाण, असले मिक्सिंगचे प्रकार. ‘हे काढा आणि आत्ताचं घाला, मोठ्या टीव्हीला बसवून द्या,’ म्हणाले. मी दिलं. वरून-खालून कापलं, पडद्याला फिट्ट बसवलं. मूळ कॅप्चर, म्हणजे कॅसेटवरून कॉम्प्युटरवर उतरवलेली फाइल, पुसून टाकलं, कारण हार्ड डिस्क महाग. कॅसेट परत दिली ती त्यांच्याकडं पावसाळ्यात बुरशी लागून गेली.

दोनेक वर्षांनी ते परत आले. वडील वारले होते. त्या लग्नात वडील मांडवात खाली बसून अक्षता वाटत होते, एवढं एकच चालतं-बोलतं चित्र त्यांचं. फ्रेमच्या तळाला. मी कापलेल्या पावात.

काळ्या पट्ट्या राहू द्या.

‘डॉक्टर हू’ इतकं घरगुती का दिसतं? त्याचं का नाही केलं?

ही ब्रिटिश विज्ञानमालिका, जुनी मालिका १९६३ ते १९८९. स्टुडिओतलं बहुतेक सगळं व्हिडिओवर, बाहेरचं बरंचसं १६ मिलिमीटर फिल्मवर. व्हिडिओला निगेटिव्ह नसते. टेपवर जेवढ्या ओळी आहेत तेवढ्याच, देवसुद्धा जास्त काढू शकत नाही.

तरी ग्राफिक्स नवं केलंय काही कथांसाठी, आणि फार शहाणपणानं. डीव्हीडीवर मूळ कथा तशीच ठेवायची आणि मेनूत एक पर्याय द्यायचा, नवे ट्रिक सीन हवेत का? ‘द डालेक इन्व्हेजन ऑफ अर्थ’ ही १९६४ ची कथा २००३ मध्ये अशी आली, डालेक म्हणजे त्यातले परग्रहावरचे शत्रू, त्यांची उडती तबकडी कॉम्प्युटरवर केलेली. हवी तर बघा, नको तर सोडा. ‘स्टार ट्रेक’च्या २००९ च्या ब्लू-रेमध्येही हीच सोय आहे, रिमोटवरचं एक बटण आणि त्याच क्षणाला जुनं-नवं. आमच्याकडं शनिवारी त्या बटणावरूनच भांडणं होतात.

एखादं फसलेलं उदाहरण?

‘रेड ड्वार्फ’. ब्रिटिश विनोदी विज्ञानमालिका, १९८८ ची. दहा वर्षांनी, १९९८ मध्ये पहिल्या तीन सीझनना नवं रूप दिलं. मॉडेलच्या जागी कॉम्प्युटरचं लांबडं यान, व्हिडिओला फिल्मसारखा रंग. चाहत्यांना ते पचलं नाही. पुढं डीव्हीडी निघाल्या तेव्हा मूळ आवृत्तीच घेतली. गंमत अशी, की १९८८ चं मॉडेल आज बघवतं आणि १९९८ चं ग्राफिक्स बघवत नाही. मॉडेलवर खरा प्रकाश पडलेला असतो, तो जुना होत नाही.

एआयनं आता होतं की सगळं दोन मिनिटांत?

होतं. मीही वापरतो, आवाजातली घरघर काढायला, चित्रावरचे ओरखडे काढायला. पण मोठं करताना ते यंत्र नसलेला तपशील अंदाजानं भरतं. चेहरे मेणाचे होतात, लांबच्या माणसांना सारखेच डोळे येतात आणि मागच्या पाटीवरची अक्षरं कुठल्याच भाषेतली राहत नाहीत. दाणा म्हणजे घाण असं समजून तो पुसला की फिल्मची कातडीच सोलली जाते.

मग रामायणातले बाण पण नवीन करायचे का?

नाही! त्या बाणांना हात लावायचा नाही.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊनला दूरदर्शननं ‘रामायण’ पुन्हा लावलं तेव्हा माझी पोरं हसली होती. दोन बाण सावकाश येतात, मध्येच एकमेकांना भिडतात, एक विझतो. हसत हसत शेवटपर्यंत बघितलं की! आमच्या गल्लीत १९८७ ला ते बघताना कुणी हसलं नव्हतं एवढंच. वाटलं तर वेगळी आवृत्ती काढा, पण जुनीच्या जागी नको.

ह्या सगळ्याचा कोल्हापूरशी काय संबंध? उगंच आपलं?

कॅमेऱ्याचा मानस्तंभ ज्या गावात उभा आहे तिथल्या माणसानं हे विचारावं?

बाबूराव पेंटर आधी नाटकांचे पडदे रंगवायचे. राजवाडा, अरण्य, नदीकाठ, सपाट कापडावर असं काढायचं की मागच्या रांगेतल्या माणसाला खोली दिसावी. ‘स्टार ट्रेक’मध्ये परग्रहावरचं शहर दाखवायला काचेवर जे मॅट पेंटिंग वापरलं, ते दुसरं काय आहे? तोच पडदा, फक्त कॅमेऱ्यासमोर. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा इथंच तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. १९२० च्या ‘सैरंध्री’तला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरची कात्री लागली. त्यांच्या हाताखाली तयार झालेली शांताराम, दामले, फत्तेलाल ही मंडळी १९२९ ला इथंच ‘प्रभात’ उभी करून १९३३ ला पुण्याला गेली.

आणि आता तो कीचकवध बघायचा म्हटलं तर? नाही बघता येत. ‘सैरंध्री’च उरली नाही. ‘प्रभात’च्या पुण्यातल्या जागेत २००३ च्या जानेवारीत नायट्रेट फिल्मच्या, म्हणजे झटकन पेटणाऱ्या जुन्या फिल्मच्या, कोठाराला आग लागली, त्यात आणखी किती गेलं. तिकडं लोक भांडतात जुनं यान चांगलं की नवं म्हणून. भांडायला दोन्ही शिल्लक आहेत, हे त्यांचं नशीब.

माझ्याकडं जुन्या व्हीएचएस कॅसेट हायत. काय करू?

आधी खिडकीतून प्रकाशात धरून टेपच्या कडा बघा. पांढरी बुरशी दिसली तर कुठल्याही प्लेअरमध्ये घालू नका, प्लेअर बिघडेल आणि पुढची कॅसेटही बाधेल. आपल्याकडच्या पावसात हे हमखास होतं. साफ करून घ्या. मग चांगल्या प्लेअरवरून, चार बाय तीनमध्येच, शक्य तेवढ्या कमी कॉम्प्रेशननं कॅप्चर करा. ती फाइल दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि तिला विसरा. जे काही रंग, गाणी, गुलाबं घालायची ती तिच्या कॉपीवर. कॅसेट टाकून देऊ नका, आणि कोरड्या जागी उभी ठेवा.

माझ्याकडं आणलीत तर मूळ कॅप्चर मी आता पुसत नाही. वेगळे पैसेही घेत नाही.

पहिल्यांदा बघणाऱ्यानं जुनं बघावं की नवं?

पोरांना नवं दाखवा, नाहीतर पळतील. स्वतः जुनं बघा.

ह्या शनिवारी काय?

‘द डूम्सडे मशीन’, आधी जुना, मग चहा, मग नवा. खुर्च्या बारा आहेत, तेरावा आला तर कॅसेटच्या खोक्यावर. यानाचा नंबर पडद्यावर आला की मी थांबवून सगळ्यांना दाखवणार, त्याला कुणी वैतागायचं नाही.